चूल, मूल आणि दोन एकर

बचत खाते उघडण्याच्या अर्जात 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. ग्रामीण शाखेत काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला हा रकाना भरून घेतानाचा अनुभव परिचित असेल. समोर बसलेल्या भगिनीला विचारावे, "आपण काय करता?" तर बहुतेक वेळा उत्तर येते, "काही नाही, घरीच असते." मग त्या रकान्यात 'गृहिणी' हा शब्द उमटतो आणि पुढच्या 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यात एक आडवी रेघ. वास्तविक ती भगिनी पहाटे गाईची धार काढून, मुलांचे डबे भरून, शेतात तासभर खुरपणी करून बँकेत आलेली असते. परतल्यावर तिला तुरीच्या शेंगा सोलायच्या असतात, धाकट्याचा पाढा म्हणून घ्यायचा असतो आणि विरजण लावायचे असते. या सगळ्याला तिच्याच तोंडी नाव आहे, 'काही नाही'!

'चूल आणि मूल' हा शब्दप्रयोग आपल्याकडे आता टोमण्यासारखाच वापरला जातो. स्त्रीला घरात कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध ज्यांनी लढा दिला, त्यांनी तो तसा वापरला हे योग्यच होते. परंतु ज्या घराला लागून एक-दोन एकर शेत आहे, तेथे चूल आणि मूल यांच्या जोडीला तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे जमीन. या तिघींची सांगड जिने स्वखुशीने आणि जाणतेपणाने घातली आहे, तिच्या आयुष्यात एक फार मोठा आनंद असतो. त्या आनंदाचा आणि तो कशावर उभा असतो याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घर कोठे संपते, शेत कोठे सुरू होते?

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार आपल्या देशातील शेतकऱ्याच्या वहितीचे सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर, म्हणजे सुमारे पावणेतीन एकर इतकेच आहे. एकूण वहितीधारकांपैकी सुमारे ८६ टक्के शेतकरी दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन कसणारे, म्हणजेच अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक आहेत. अर्थात भारतीय शेती ही मुख्यत्वे लहान शेती आहे, आणि लहान शेती ही नेहमीच घराची शेती असते. मोठ्या बागायतदाराला मुकादम ठेवता येतो. दोन एकरवाल्याचा मुकादम, कोठारपाल आणि हिशेबनीस या तिन्ही जागा बहुधा एकच व्यक्ती सांभाळते, आणि ती म्हणजे त्या घरची गृहिणी.

अशा घरात भांडी घासलेले पाणी वाया जात नाही. ते मोरीतून थेट परसातल्या अळवाला आणि केळीला जाते. भाजीची देठे शेळीला, शेळीच्या लेंड्या वांग्याच्या वाफ्याला आणि वांगी पुन्हा चुलीवर, असे हे चक्र फिरत राहते. एका गुंठ्याच्या परसात शेवगा, कढीपत्ता, लिंबू, मांडवावर दोडका आणि घेवडा, कडेने मिरची आणि अंबाडी एवढे सहज मावते. पावसाळ्यात तर टाकळा, घोळ, कुर्डू, तांदुळजा या रानभाज्या आपण होऊन दाराशी येतात. त्यांतली कोणती कोवळी असताना खुडावी, कोणती दोनदा धुवावी आणि कोणत्या भाजीला भाजणीचे पीठ लावावे, हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीत नसते. ते सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे येते.

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी या नात्याने मला येथे एक गंमत सांगावीशी वाटते. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या जगभर मान्य असलेल्या पद्धतीत, कुटुंबाने स्वतःसाठी पिकवलेले धान्य, भाजी, दूध यांची किंमत धरली जाते. मात्र घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक, मुलांचे संगोपन, वृद्धांची शुश्रूषा या सेवा त्या हिशेबात येत नाहीत. म्हणजे परसातले वांगे झाडावर असेपर्यंत उत्पादन आहे. गृहिणीने ते तोडले तोपर्यंतही ते हिशेबात आहे. पण विळीवर चिरून तिने त्याचे भरीत केले आणि मुलाला भरवले, की त्या श्रमाला आकडा उरत नाही!

ही सेवा किती मोठी आहे, याची मोजदाद आता होऊ लागली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या कालवापर सर्वेक्षणात असे आढळले, की घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ८८ मिनिटे. घरातील माणसांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा १३७ मिनिटांचा आणि पुरुषांचा ७५ मिनिटांचा आहे. ही मिनिटे कष्टाची आहेत, यात शंका नाही. पण त्यांतली काही मिनिटे निखळ सुखाचीही असतात, आणि त्यांची नोंद कोणतेही सर्वेक्षण करू शकत नाही.

ऋतूंबरोबर चालणारा संसार

शेतावरच्या गृहिणीचे वर्ष एप्रिल ते मार्च असे नसते. ते तिच्या हातातल्या कामावरून ओळखावे. उन्हाळ्यात वाळवणे सुरू होतात. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून गाळायचा. या कामाला शेजारच्या दोघी-तिघी हाताशी लागतात. आज हिच्या अंगणात तर उद्या तिच्या. वाळवणाची राखण करायला मुलांना बसवायचे आणि मोबदल्यात गरम चिकाची वाटी द्यायची, हा करार पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. मुले कावळे किती हाकलतात आणि ओल्या कुरडया किती खातात, हा भाग निराळा!

पावसाच्या तोंडाशी बियाण्याचे गाठोडे बाहेर निघते. मूग-मटकीचे बी राखेत घोळून ठेवलेले, धान्यात कडुलिंबाचा पाला घातलेला, भोपळ्या-दोडक्याचे बी फळासकट आढ्याला टांगलेले. वेलावरचे कोणते फळ खायचे आणि कोणते बियाण्यासाठी राखायचे, हा निर्णय गृहिणीचाच. नवरात्रात घटाभोवती शेतातली माती घालून धान्य पेरतात. नऊ दिवसांत ते कसे उगवते हे पाहणे ही एका परीने बियाण्याची परीक्षाच असल्याचे जुनी माणसे सांगतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते. हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, घेवडा, जे जे त्या वेळी शेतात असेल ते ते एका भांड्यात येते आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर वाढले जाते.

लातूर आणि धाराशिव भागात वेळ अमावस्येला, म्हणजे तिकडच्या बोलीतल्या येळवशीला, सारे घर शेतात जाते. कडब्याची खोप करून तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात. ओल्या दाण्यांची भज्जी, ज्वारीच्या पिठाची आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा स्वयंपाक असतो. त्या दिवशी वाटेवरच्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. बँकेच्या नोकरीत भारतभर बदल्या होतात, नाना ठिकाणचे पाहुणचार घडतात. परंतु कडब्याच्या सावलीत पत्रावळीवर वाढलेल्या त्या भज्जीची सर कशालाच येत नाही, असे तेथे राहून आलेले आमचे सहकारी आवर्जून सांगतात.

मातीत वाढणारे मूल

मातृत्वाची सुरुवातही अशा घरात शेताच्याच साक्षीने होते. बाळंतिणीसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, मेथी आणि शेपूची भाजी, बाजरीची भाकरी आणि तूप हा आहार आजीने ठरवलेला असतो. लिंबाच्या फांदीला झोळी बांधून तिच्यात तान्हे निजवायचे आणि हाकेच्या अंतरावर खुरपणी करायची, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिवारात दिसते. त्यात कष्ट आहेत, उन्हाची धग आहे. पण कामाला जाताना मूल दुसऱ्याकडे सोपवण्याची जी रुखरुख नोकरी करणाऱ्या आम्हा मातांना रोज सकाळी जाणवते, ती तेथे कमी असते, हेही खरे.

शेतावरचे मूल गणित शिकते ते खुराड्यातली अंडी मोजून. वासरू जन्मताना पाहिले, की त्याला जन्म समजतो, आणि पाऊस न आल्याने करपलेला वाफा पाहिला, की अपयशही समजते. हे सगळे समजताना आई शेजारी असते, ही या शिक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट होय.

श्रावणातल्या शुक्रवारी माता जिवतीची पूजा करून मुलांचे औक्षण करतात. जी मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर असतील, त्यांच्यासाठी चारी दिशांना निरांजन ओवाळण्याची प्रथा आहे. लहान शेतांवर वाढलेली मुले पुढे बहुधा दूर जातात, हे त्या मातांना पहिल्यापासून ठाऊक असते. तरीही त्या त्यांना मन लावून वाढवतात. या निरपेक्षतेतही एक समाधान असते.

घरातून उभी राहिलेली बीजबँक

घरगुती ज्ञान हे घरापुरतेच राहते, असे मानण्याचे कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तेथील श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. घर, मुले, नातवंडे आणि शेती हेच त्यांचे विश्व. नातवंडांची आजारपणे वाढू लागली, तेव्हा त्यांचा रोख विकतच्या बियाण्यांच्या आणि औषध फवारलेल्या भाज्यांकडे गेला. त्यांनी परसात जुन्या गावठी वाणांची लागवड सुरू केली, त्यांचे बी राखले आणि इतर बायकांना वाटले. पुढे 'बाएफ' या संस्थेचे साहाय्य मिळाले आणि या छंदातून देशी वाणांची बीजबँक उभी राहिली. आज त्या 'बीजमाता' म्हणून ओळखल्या जातात. २०१८ च्या नारीशक्ती पुरस्काराने त्यांचा गौरव झाला आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

राहीबाईंचा प्रवास एका आजीच्या काळजीतून सुरू झाला, हे येथे महत्त्वाचे आहे. नातवाच्या ताटात काय पडते, या साध्या प्रश्नाने त्यांना देशाच्या पीकवैविध्यापर्यंत नेले. गृहिणीपण सोडून त्या शेतीतज्ज्ञ झाल्या नाहीत. गृहिणीपण पूर्णत्वाला नेताना त्या शेतीतज्ज्ञ झाल्या.

दोन एकरांची एक गोष्ट

मराठवाड्यातील एका शाखेत असताना एका खातेदार भगिनीशी माझा परिचय झाला. लग्नानंतर काही वर्षे हे दांपत्य शहरात होते. पती कारखान्यात आणि त्या एका दुकानात नोकरीला. पहिली मुलगी झाल्यावर भाडे, पाळणाघर आणि प्रवास यांचा मेळ बसेना. दोघांनी विचारपूर्वक गावी परतण्याचे ठरवले. पतीला तालुक्याच्या ठिकाणी काम मिळाले. सासऱ्यांनी वाटणी करताना दोन एकरांचा तुकडा एकट्या मुलाच्या नावे न करता मुलगा आणि सून अशा दोघांच्या नावे केला. त्या वेळी गावात काहींना ते चमत्कारिक वाटले.

पुढे त्या रस्त्याचे रुंदीकरण झाले आणि जमिनीला गिऱ्हाईक आले. रक्कम डोळे दिपवणारी होती. घरात बहुतेकांचा कल विकण्याकडेच होता. त्या बाईंनी तोंडी विरोध केला नाही. त्यांनी एक शंभर पानी वही आणली आणि तिच्यावर मथळा लिहिला, 'विकत आणावे न लागलेले'. रोजचे दीड लिटर दूध, अंडी, भाजी, वर्षाची ज्वारी, घरची तूरडाळ, शेंगदाणे, सरपण असे सारे त्यांनी महिनोन् महिने बाजारभावाने मांडले. त्या वहीची बेरीज पतीच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी भरली.

मी त्यांना विचारले, "ताई, एवढ्या हिशेबाची गरज का वाटली?"

त्या म्हणाल्या, "मॅडम, सहा महिने मला कुणी विचारलंच नसतं. पण खरेदीखताला सही माझीही लागते म्हटल्यावर विचारणं भाग पडलं. आणि विचारल्यावर नुसतं 'मला वाटतं' म्हणून कसं चालेल? म्हणून वही."

"आणि हिशेब उलटा आला असता तर?"

त्या हसल्या. "तरी मुलांच्या हातातल्या शेंगा मोजायच्या राहिल्याच होत्या की."

जमीन विकली गेली नाही. त्या वर्षी त्यांनी आपल्या नावे कर्ज घेऊन दुसरी गाय आणली. पतीही आता सकाळची धार काढून कामावर जातात.

आनंदाखालची जमीन

या गोष्टीचा बोध स्पष्ट आहे. लहान शेतावरचे गृहिणीपण सुखाचे असते, ते ती स्वतःची निवड असेल तेव्हा आणि त्या निवडीला काही अधिकाराचा आधार असेल तेव्हा. हे नसेल तर तेच आयुष्य नुसती राबणूक होते. दुष्काळात दोन-दोन मैलांवरून हंडे वाहणाऱ्या, किंवा कोयता घेऊन सहा-सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या मातांना घरच्या अंगणाचे कौतुक सांगणे हा क्रूरपणा ठरेल. त्यांनाही तसे अंगण हवेच असते. परिस्थिती ते त्यांच्याकडून हिरावून घेते.

महाराष्ट्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिलांचे विराट अधिवेशन भरले होते. त्यानंतर श्री. शरद जोशी यांच्या प्रेरणेने 'लक्ष्मीमुक्ती' हे आंदोलन झाले आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे केला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्याने दिला. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या प्रकरणात, गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे आणि ते धरलेच पाहिजे, हे तत्त्व पुन्हा ठामपणे मांडले.

बँकांच्या व्यवहारातही गृहिणीची नोंद आहे, हे अनेक ग्राहकांना ठाऊक नसते. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पीककर्जाच्या रकमेवर १० टक्के वाढ धरली जाते, ती काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजांसाठी. म्हणजे शेताच्या कर्जात चुलीचा वाटा धरलेलाच आहे. २०१९ पासून दुभती जनावरे, शेळ्या आणि कोंबड्या यांच्या खेळत्या भांडवलासाठीही हे कार्ड मिळू शकते. १ जानेवारी २०२५ पासून शेतीसाठी २ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण द्यावे लागत नाही. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केलेली बचत गट जोडणीची योजना आज खेडोपाडी पोहोचली आहे, आणि पापड-कुरडयांच्या पलीकडचे व्यवसायही त्यातून उभे राहत आहेत.

एक गोष्ट मात्र आवर्जून सुचवावीशी वाटते. आपण गाईचा विमा उतरवतो, पिकाचा उतरवतो, मोटारसायकलचा तर उतरवावाच लागतो. ज्या व्यक्तीवाचून यांपैकी काहीच चालणार नाही, तिचा विमा अनेक घरांत राहून जातो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आणि जीवनज्योती योजनेचा ४३६ रुपये आहे. दोन्हींतील संरक्षण प्रत्येकी २ लाख रुपयांचे आहे. पहिलीत अपघात आणि दुसरीत मृत्यू विचारात घेतला जातो. दहा वर्षांखालील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते वर्षाला किमान २५० रुपये भरून चालू ठेवता येते. अंड्यांच्या पैशांतूनही ते सहज जमते.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांची एक पिढी, फार तर दोन पिढ्या मागे गेलो, तर अशी एखादी दोन एकरांची गृहिणी आपल्या घरात निश्चित सापडेल. आपली शिक्षणे, आपल्या नोकऱ्या, या मासिकाची वाचनगोडीही तिच्या राखून ठेवलेल्या धान्यावर पोसलेली आहे. तिचे पुष्कळ गुणगान आजवर झाले. आता तिच्या लेकी-सुनांसाठी याहून साधे, पण अधिक उपयोगी असे काही करता येण्याजोगे आहे. आईचा, पत्नीचा वा सुनेचा आनंद कोणत्याही ताळेबंदात दाखवता येत नाही हे खरे. परंतु तो आनंद ज्या जमिनीवर उभा आहे, ती कोणाच्या नावे आहे, हे सातबाऱ्यावर निश्चित दाखवता येते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तो उतारा एकदा काढून पाहावा, आणि त्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव नसेल, तर ते कसे लावता येईल याची तलाठी कार्यालयात चौकशी करावी, एवढीच विनंती.